‘नैसर्गिक’ लिहिण्याआधी

दर दोन महिन्यांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आमच्या ओपीडीत एक सर येतात. ठाण्यातल्याच एका शाळेत तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. टेंभी नाक्याच्या मागच्या एका जुन्या चाळीत राहतात, छत्री घेत नाहीत, टोपी घालत नाहीत आणि भर दुपारी तलावपाळीपर्यंत चालून येतात. एप्रिलमध्ये आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, “सर, बारा ते चार बाहेर पडू नका. उन्हाळा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.”

झालं! सरांमधला शिक्षक जागा झाला. “मॅडम, पृथ्वीचं हवामान कधी स्थिर होतं हो? हिमयुगं आली, गेली. तेव्हा काय लोक रिक्षा फिरवत होते? आपण ज्या दगडावर बसलोय तोच ज्वालामुखीतून आलाय. हे सगळं नैसर्गिक आहे. उगाच लोकांना घाबरवतात.” मागे रांगेत उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. बाहेर साठ पेशंट होते. मी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचं नाव पुकारलं. तेव्हा राहून गेलेलं उत्तर आज या सदरात देते आहे.

सरांचं बरंचसं बरोबर आहे, हे आधी कबूल करायला हवं. माझी अडचण त्यांच्या शेवटच्या शब्दाशी आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द आम्हा डॉक्टरांना कामाचा भाग म्हणून लिहावा लागतो, आणि त्याच्याशी माझा एक जुना हिशेब आहे. त्याकडे येतेच. पण आधी सरांची बाजू नीट मांडते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते त्यापेक्षा ती कितीतरी भक्कम आहे.

ठाण्याहून कल्याणकडे जाणारी मेल-एक्सप्रेस गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते, तेव्हा आपण थिजलेल्या लाव्हाच्या पोटातून जात असतो. मुंब्र्याचा डोंगर, मलंगगड, माळशेजचे कडे, सगळा तोच काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा लाव्हा थरावर थर असा वाहत राहिला. झिजून झिजून उरलाय तोदेखील आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी २ किलोमीटरच्या घरात जाते. घाटात गाडी थांबवून समोरच्या डोंगराकडे पाहिलं तर त्याच्या पायऱ्या दिसतात. भूशास्त्रज्ञ याला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला.

या पायऱ्यांच्या मधेमधे तांबड्या मातीचे पट्टे असतात. ती लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधली विश्रांती. एक लोंढा थंड व्हायचा, त्याची माती व्हायची, तळी साचायची, जीव वस्तीला यायचे, मग पुढचा लोंढा. वरळीला अशाच थरांत बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. दोन लाव्हांच्या मधल्या वेळात आपल्या मुंबईत बेडूक डरांव डरांव करत होते, ही कल्पना मला फार आवडते.

लाव्हाबरोबर वायू बाहेर पडले, आणि हवामानाचा प्रश्न तिथे सुरू होतो. सल्फर डायऑक्साइडपासून वातावरणात बारीक थेंबांचा पडदा तयार होतो, तो ऊन अडवतो आणि काही वर्षं पृथ्वी गार होते. कार्बन डायऑक्साइड उलट काम करतो. तो उष्णता धरून ठेवतो आणि हजारो वर्षं जात नाही. दख्खनच्या उद्रेकांच्या काळात तापमान काही अंशांनी चढल्याच्या खुणा समुद्रतळाच्या गाळात मिळतात. त्याच सुमाराला मेक्सिकोजवळ मोठा अशनी कोसळला आणि डायनासोरांसह पृथ्वीवरच्या जवळपास तीन चतुर्थांश जीवजाती संपल्या. त्यात दख्खनचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. अशनीचा मुख्य हात होता, असं बहुतेकांचं मत आहे.

पुढे याच दगडाने उलटं कामही केलं. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड काळ्या पाषाणाला हळूहळू खातो, त्यातून क्षार तयार होतात, ते नद्यांतून समुद्रात जातात आणि तिथे चुनखडीच्या रूपात कार्बन गाडला जातो. सह्याद्रीवर पडणारा पाऊस आजही हे करतोच आहे. फक्त या औषधाचा गुण यायला लाखो वर्षं लागतात.

दुसरं नैसर्गिक कारण म्हणजे पृथ्वीची चाल. तिची कक्षा कमी-जास्त लंबवर्तुळाकार होते, आस थोडी कलते-सावरते, आणि ती सूर्याच्या सर्वांत जवळ वर्षाच्या कोणत्या महिन्यात येते तेही सरकत राहतं. ही चक्रं साधारण १ लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांची. आज पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी ती आपल्या उन्हाळ्यात जवळ असायची, त्यामुळे आशियाची जमीन जास्त तापायची आणि मान्सून आजच्याहून जोरदार होता. त्याही मागे, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात होतं. पाणी बर्फात अडकल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. ठाण्याची खाडी तेव्हा खाडीच नव्हती. किनारा पश्चिमेला शंभर किलोमीटरहून दूर गेला होता. आज कोळी जिथे जाळी टाकतात तिथे पायी चालत जाता आलं असतं.

हे सगळं सरांनी वर्गात फळ्यावर काढून शिकवलं असेल. मी डॉक्टर असल्यामुळे माझं लक्ष मात्र दुसरीकडे जातं. अशा बदलांत माणसाच्या शरीराचं काय झालं?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे मातीच्या चौकोनी घरांत नांदतं शेतकरी गाव होतं. इसवी सनापूर्वी ७००च्या आसपास ते ओस पडलं. शेवटच्या काही शतकांत चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या. म. के. ढवळीकरांनी याचं कारण घटलेल्या पावसात शोधलं, नंतरच्या काही संशोधकांनी त्यावर शंका घेतल्या. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. मला तिथल्या लहान मुलांची हाडं विसरता येत नाहीत. घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या त्या मुलांच्या हाडांवरून, शेवटच्या काळात मुलांची वाढ खुरटली होती, असं दिसतं. वजनकाट्यावर न भरणारं मूल मी आजही मुरबाड-शहापूरकडून आलेल्या आयांच्या कडेवर पाहते. पाऊस, पीक आणि पोट बिघडलं, की त्याची नोंद सर्वांत आधी वाढत्या हाडांत होते.

नवरात्रात टेंभी नाक्यावरच्या देवीला गर्दी लोटते. तिथली जुनी माणसं कधी कधी ‘दुर्गाडीचा दुष्काळ’ असं काहीसं बोलतात. तो खरं तर दुर्गादेवीचा दुष्काळ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, १३९६च्या सुमाराला सुरू होऊन बारा वर्षं चाललेला, अशी परंपरा सांगते. त्याचा नाक्यावरच्या देवीशी संबंध नाही (हा उत्सव १९७८चा), पण आपल्या लोकांनी एका हवामानाच्या संकटाला देवीचं नाव दिलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पटकीच्या साथीची जरीमरी झाली तीही याच रीतीने. पटकीवरून आठवलं. १८१५च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुळीने आणि गंधकाने १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही आणि आपल्याकडे मान्सूनचा ताल बिघडला. १८१७मध्ये बंगालमध्ये जेसोरला पटकीची साथ उसळली आणि पेशवाई संपली त्याच १८१८मध्ये ती मुंबईत पोहोचली. ज्वालामुखी आणि साथ यांचा थेट धागा काही इतिहासकार जोडतात. मला तो शक्य वाटतो, सिद्ध झालेला वाटत नाही.

याउलट १८७६ ते ७८च्या दुष्काळाचं निदान आता बऱ्यापैकी पक्कं आहे. पॅसिफिक महासागराचा मधला-पूर्वेकडचा भाग अधूनमधून तापतो. त्याला एल निन्यो म्हणतात. तो आला की आपला मान्सून अनेकदा अशक्त होतो. १८७७-७८चा एल निन्यो अतिशय तीव्र होता. दख्खन, कर्नाटक, मद्रास इलाखा होरपळला. मृत्यूंचे सावध अंदाजही ५५ लाखांच्या आसपास जातात.

समुद्र तापला तो आपोआप, म्हणजे कारण नैसर्गिकच. पण त्या दोन वर्षांत सरकारने काय केलं ते पाहा. दुष्काळी कामावर दगड फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा, असा दर सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवला. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी त्याला जाहीर विरोध केला. एवढ्या अन्नावर माणूस जगू शकत नाही, कष्ट तर दूरच, हे ते सरकारी नोकरीत राहून आकड्यांनिशी सांगत राहिले. सरकारी डॉक्टर म्हणून मला त्यांचा अभिमान वाटतो. इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली.

आणि नेमक्या याच वर्षी, १८७७मध्ये, भारत सरकारच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख हंटर आणि खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी मांडलं, की दक्षिण भारतातले दुष्काळ सूर्यावरच्या डागांच्या ११ वर्षांच्या चक्राप्रमाणे येतात. ती माणसं प्रामाणिक होती, शास्त्रीय कुतूहलाने शोधत होती. तरी हे निदान राज्यकर्त्यांना किती सोयीचं, बघा! सूर्यावर डाग पडले, माणसं मेली. सूर्याला जाब कोण विचारणार?

१९७२ सालीही एल निन्यो होता. आमचं मूळ गाव माण तालुक्यातलं. मी तेव्हा रांगत होते, पण मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची आणि सुकडीची गोष्ट ऐकतच मोठी झाले. माझी आई पाझर तलावाच्या कामावर घमेली उचलत होती. हाल प्रचंड झाले, जनावरं गेली, गावं मुंबईकडे सरकली. पण लाखोंनी माणसं मेली नाहीत, कारण दुष्काळी कामं निघाली, मजुरी मिळाली, धान्य आलं. पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. पॅसिफिक महासागर दोन्ही वेळा सारखाच वागला होता.

आता सरांच्या खऱ्या मुद्द्याकडे वळते. हवामान पूर्वी निसर्गाने बदललं, म्हणून आजही निसर्गच बदलतोय, असं ते म्हणतात. ओपीडीत या युक्तिवादाला आम्ही काय म्हणू? गेल्या वर्षी तुम्हाला मलेरिया झाला होता, म्हणून यंदाचा तापही मलेरियाचाच, असं काहीसं ते होईल. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ताप घेऊन आलेल्या माणसाला मलेरिया, डेंगी, लेप्टो, टायफॉइड यांपैकी काहीही असू शकतं. आम्ही प्रत्येकाच्या खुणा पाहतो आणि एकेक नाव खोडतो. हवामानशास्त्रज्ञांनी हेच केलं आहे. निसर्गाला त्यांनी विसरलेलं नाही. उलट निसर्गाचा एकेक दावेदार तपासून त्यांनी बाजूला ठेवला.

सूर्य घ्या. त्याच्याकडून येणारी ऊर्जा उपग्रहांवरून १९७८पासून सलग मोजली जाते आहे. (टेंभी नाक्याची देवी आणि ही मोजणी एका वयाची, हा निव्वळ योगायोग.) ११ वर्षांच्या चक्रात ती सुमारे ०.१ टक्क्याने वर-खाली होते. पण या साऱ्या काळात पृथ्वीचं तापमान चढत गेलं आणि सूर्याची ऊर्जा चढत गेली नाही. आता तर आपलं आदित्य एल-१ यानही सूर्याकडे डोळे लावून बसलं आहे, त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवली आहे. शिवाय सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्यावरचा स्थितांबर गार होतोय. गोधडी पांघरली की आत ऊब वाढते आणि बाहेर उष्णता कमी जाते, तसं. सूर्यामुळे दिवस जास्त तापले असते. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर दिवसांपेक्षा रात्री अधिक वेगाने तापल्या आहेत. ही रात्रीची खूण लक्षात असू द्या.

ज्वालामुखी घ्या. १९९१मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो फुटला तेव्हा जग साधारण दोन वर्षांसाठी अर्ध्या अंशाच्या आसपास थंड झालं. म्हणजे आजचे ज्वालामुखी पृथ्वीला ऊब देण्यापेक्षा थोडा काळ गारवाच देतात. त्यांच्यातून वर्षाला निघणारा कार्बन डायऑक्साइड माणसाने सोडलेल्याच्या एक टक्क्याहून कमी आहे. आणि आपला दख्खन? त्या महाउद्रेकांनी सोडलेला कार्बन लाखो वर्षांवर विभागला, तर वर्षाच्या सरासरीत आज आपण त्याला कितीतरी पटींनी मागे टाकलं आहे. सरांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले.

कक्षेची चक्रं हजारो वर्षांत चालतात. हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापायला सुमारे १० हजार वर्षं लागली. आता एका अंशाहून जास्त वाढ दीडशे वर्षांत झाली. एल निन्यो तापमानाला वर-खाली हलवतो, पण एकाच दिशेने चढवत नेत नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या ८ लाख वर्षांचा हिशेब लागतो. त्या काळात हवेतल्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू साधारण १८० ते ३००च्या दरम्यान राहिले. आज ते ४२०च्या वर आहेत. हा जादा कार्बन कुठला, याचीही ओळख पटली आहे. वनस्पती कार्बनचा जड प्रकार कमी घेतात, त्यामुळे त्यांच्यापासून बनलेल्या कोळसा-तेलातही तो कमी असतो. आणि हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण नेमकं घसरत चाललं आहे. आमच्या भाषेत, कल्चर रिपोर्ट आला आहे.

एका पेशंटला दोन आजार असू शकतात, हेही डॉक्टरने विसरू नये. २०२३मध्ये एल निन्यो आला आणि त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशातला १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्यानंतरचं २०२४ हे औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाची पायरी ओलांडणारं पहिलं वर्ष. त्यात एल निन्योचाही हात होता. घोडबंदर रोडवरच्या काँक्रीटमुळे ठाण्याच्या रात्री आणखी तापतात, तेही खरं. आधीच अंगात ताप असलेल्या माणसाला आपण वर ऊन लावतो आहोत.

आता माझा हिशेब. १९९८चा मे महिना. मी एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. तेही एल निन्योनंतरचंच वर्ष, भयंकर तापलेलं. एका रात्री साठीच्या पुढच्या एका इस्त्रीवाल्याला त्याच्या मुलाने रिक्षातून आणलं. बीपी होतं, शुगर होती. बरळत होता. अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं. मी सलाईन लावलं, ईसीजी काढला, रक्त पाठवलं. गुदद्वारातून तापमान घेतलं नाही. तशी सवयच नव्हती, आणि त्या वॉर्डात तो थर्मामीटर कुठे ठेवलाय हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पहाटे तो गेला.

मृत्यूचं कारण लिहायचा फॉर्म चारमध्ये ओळी असतात. ‘अ’मध्ये थेट कारण, ‘ब’ आणि ‘क’मध्ये ते कशामुळे, ते कशामुळे. दुसऱ्या भागात हातभार लावणारे आजार. खाली मृत्यूचा प्रकार: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या वगैरे. वरिष्ठ म्हणाले, बीपी-शुगरचा पेशंट आहे, हार्ट अटॅक लिही आणि मोकळी हो. मी लिहिलं. खाली ‘नैसर्गिक’वर खूण केली. सही घ्यायला आलेला मुलगा मला सांगत होता, “तीन रात्री झोपला नाही हो डॉक्टर. पत्रा रात्रीपण गार होत नाही. दिवसभर कोळशाच्या इस्त्रीपुढे उभा.” मी मान हलवली. पहाटेचे पाच वाजले होते आणि अजून दोन पेशंट वाट बघत होते.

आज मला तो उष्माघात वाटतो. सिद्ध करता येणार नाही, कारण मी तापमान घेतलंच नाही. शरीर दिवसा साठवलेली उष्णता रात्री बाहेर टाकतं, हृदयाला तेवढीच विश्रांती. रात्रच तापलेली असेल तर ती मिळत नाही. आपल्याकडे खाडीची दमट हवा, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. म्हणून कोकणपट्टीत ३७-३८ अंशांनाही माणूस मरू शकतो. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात, महाराष्ट्र भूषण सोहळ्याला भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. त्या महिन्यात भारत-बांगलादेशात आलेली दमट उष्णता माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे किमान ३० पटींनी अधिक संभाव्य झाली होती, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने काढला. खारघरच्या मृत्यूंची मोजणी झाली, कारण ते एका मैदानात, एका दिवशी, कॅमेऱ्यांसमोर झाले. पत्र्याखाली एकेकटे जाणारे कुठे मोजले जातात?

गंमत म्हणजे उष्माघात नीट लिहिला तर तो ‘नैसर्गिक’ मृत्यू राहतच नाही, अपघातात जातो. पण आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचा एक्स-३० हा संकेतांक ‘अतिरिक्त नैसर्गिक उष्णते’चा आहे, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग त्याला विजेबरोबर ‘निसर्गाच्या शक्तीं’च्या यादीत टाकतो. शब्द सगळीकडे तोच. उष्माघाताची संख्या दिसली तर महापालिका पत्र्यांना पांढरा रंग द्यायचा विचार करील, कामगारांच्या वेळा बदलतील, वॉर्डात बर्फ आणि पंखे येतील. हार्ट अटॅकच्या आकड्यावरून यातलं काहीही होणार नाही. माझ्या एका खुणेने तेव्हा एक आकडा गायब झाला. अशा खुणा राज्यभर रोज होत असतात.

आता एप्रिल ते जून आमच्या युनिटमध्ये बरळत आलेल्या प्रत्येक पेशंटचं तापमान गुदद्वारातूनच घेतलं जातं. ४०च्या वर असेल तर आधी अंग गार करायचं, रिपोर्ट नंतर. नव्या निवासी डॉक्टरांना केसपेपरवर आणखी एक प्रश्न विचारायला लावते: पत्रा की स्लॅब? पहिल्या वर्षी ते हसतात.

सर जूनमध्ये पुन्हा आले. पाण्याची गोळी उन्हाळ्यात मी त्यांना अर्धी करून दिली होती (वाचकांनी आपली गोळी स्वतःहून कमी करू नये, डॉक्टरांना विचारावं), ती आता पूर्ववत करायची होती. इस्त्रीवाल्याची गोष्ट त्यांना सांगितली. सगळी ऐकून घेतली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, “समजा आज आला असता आणि तापमान बेचाळीस निघालं असतं, तर काय लिहिलं असतं?”

मी सांगितलं. ‘अ’मध्ये उष्माघात. ‘ब’मध्ये तीन दिवस-रात्रींची अतिउष्णता. दुसऱ्या भागात रक्तदाब आणि मधुमेह.

“आणि पत्रा?”

त्याला फॉर्ममध्ये ओळ नाही, म्हटलं.

सरांनी गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. “समासात लिहा,” म्हणाले, आणि छत्री उघडून पावसात गेले.